क्रॉस मैदानावरचे मालक



आज ज्या गृहस्थांविषयी मी चार शब्द बोलणार आहे, त्यांचा आपल्या जिल्ह्याशी जन्माचा संबंध काही नाही. ते मुंबईचे. जन्म मुंबईचा, खेळ मुंबईचा, आणि ५ एप्रिल २०२३ रोजी त्यांनी डोळे मिटले तेही मुंबईतच. वय अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बातमी आली ती अशी की, भारताचे माजी कसोटी क्रिकेटपटू सुधीर नाईक यांचे निधन. तीन कसोटी सामने खेळलेला माणूस. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेपर हातोहात फिरला, एकाने विचारले, "हे नाईक कोण?" मी म्हटले, "आपल्या झहीरचे." तेव्हा मात्र सगळ्यांनी पेपर पुन्हा मागून घेतला.

झहीर म्हणजे झहीर खान, श्रीरामपूरचा. आता आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, तरी बोलताना आपल्या तोंडी नगरच येते. तसेच झहीर जगभर हिंडला तरी आपल्या तोंडी तो श्रीरामपूरचाच. तो ज्यांच्या हाताखाली तयार झाला ते हे सुधीर नाईक. म्हणून त्यांची आठवण नगर जिल्ह्यातल्या माणसाने काढावी, यात वावगे काही नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर या आठवणीला माझ्या स्वतःच्या एका चुकीची कडा आहे. ती पुढे सांगेन.

आधी 'मालक' या शब्दाचा उलगडा केला पाहिजे. संघाचा मालक म्हटले की आजच्या मुलांना २००८ सालापासूनची आयपीएल आठवते. लिलाव, कोट्यवधींचे आकडे, गॅलरीत बसून टाळ्या पिटणारे धनिक लोक. सुधीर नाईक या अर्थाचे मालक नव्हते. मुंबईत क्रॉस मैदान म्हणून जागा आहे, चर्चगेट स्टेशनापासून चालत पाच-दहा मिनिटांवर. तेथे नॅशनल क्रिकेट क्लब नावाचा त्यांचा क्लब होता. क्लब म्हणजे काय, तर एक खेळपट्टी, एक तंबू, एक रोलर, एखादा माळी, आणि खेळायला आलेली मुले. इमारत नाही, कुंपण नाही. या मैदानांवर एकाच वेळी कितीतरी सामने चालू असतात. एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाच्या पाठीशी उभा असतो, आणि आपल्याकडे येणारा चेंडू कोणत्या सामन्यातला आहे हे त्याला बघताक्षणी ओळखावे लागते. बाहेरच्या माणसाला तो सगळा आठवड्याचा बाजार वाटतो.

पावसाळ्यात आपण शेतावर असतो तेव्हा मुंबईत कांगा लीग चालते. १९४८ पासून ही स्पर्धा भर पावसाच्या दिवसांत खेळली जाते. खेळपट्टी ओली, गवत घोट्यापर्यंत वाढलेले, चेंडू कधी जमिनीलगत सरपटतो तर कधी छातीवर येतो. अशा ठिकाणी जो उभा राहिला तो कुठेही उभा राहील, असा मुंबईकरांचा हिशेब. अशा क्लबची मालकी म्हणजे मिळकत नव्हे, खर्च. चेंडूंचा खर्च, चहाचा खर्च, रोलर ओढणाऱ्या माणसाची मजुरी, आणि रविवारच्या रविवार आपला सबंध दिवस. बैलजोडी बाळगणाऱ्याला विचारा, मालक कोण आणि चाकर कोण ते.

नाईक स्वतः कसे खेळाडू होते? १९७०-७१ सालची गोष्ट आहे. भारताचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला आणि तेथे पहिल्यांदाच मालिका जिंकून आला. वाडेकर, सरदेसाई, सोलकर, गावसकर, अशोक मंकड हे मुंबईचे सगळे मोहरे तिकडे. मागे रणजी करंडकासाठी जो संघ उरला त्याचे कर्णधारपद नाईक यांच्याकडे आले. लोक म्हणत होते, यंदा करंडक मुंबईच्या हातून जातो. तो गेला नाही. अंतिम सामन्यात आपल्या महाराष्ट्राच्या संघाला ४८ धावांनी हरवून मुंबईने करंडक राखला. आपला संघ हरला म्हणून त्या वेळी पुण्या-नगरकडे हळहळ झाली असेल; पण उरल्यासुरल्या माणसांना घेऊन त्यांच्याकडून पुरे काम करून घेणे काय असते, हे त्या वर्षी नाईकांनी दाखवले.

आणि त्याचे बक्षीस काय मिळाले? पुढच्या हंगामात सगळे नामवंत परत आले आणि ज्याने करंडक जिंकून दिला होता त्या कर्णधारालाच अकरांतून वगळले गेले. हे मी तक्रारीच्या सुरात सांगत नाही. मुंबईची रीतच ती. तेथे कालच्या धावा आज कोणी मोजत नाही. नाईक पुन्हा खाली जाऊन खेळले, पुन्हा धावा केल्या. १९७३-७४ मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद २०० केल्या आणि १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांची निवड झाली.

तो दौरा भारताला फार वाईट गेला. लॉर्ड्सवर आपला एक डाव ४२ धावांत आटोपला, हे जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. एजबॅस्टनच्या तिसऱ्या कसोटीत नाईक पहिल्यांदा कसोटी खेळले. पहिल्याच चेंडूवर गावसकर बाद झाले. आपण डावाने हरलो, पण दुसऱ्या डावात नाईकांनी ७७ धावा केल्या. त्याच दौऱ्यात लंडनच्या एका दुकानात मोज्यांच्या जोड्यांवरून त्यांच्यावर चोरीचा आळ आला. प्रकरण लवकर मिटावे म्हणून जो सल्ला मिळाला तो त्यांनी ऐकला आणि आरोप मान्य केला. डाग मात्र कायमचा लागला. गावसकरांनी पुढे आपल्या 'सनी डेज' या पुस्तकात नाईकांची बाजू घेतली आणि हा माणूस निर्दोष होता असे ठामपणे लिहिले. ज्या माणसाने क्लब चालवला आणि त्यातून लोकांची पोरे वाढवली, त्याच्याविषयी काय समजायचे ते त्या मैदानावरच्या लोकांनी समजून घेतलेच होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्याच्या कसोटीत सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर अँडी रॉबर्ट्सने नाईकांना बाद केले. सामना भारताने जिंकला, पण नाईकांची कसोटी कारकीर्द त्या हंगामाबरोबर संपली. तीन सामने, १४१ धावा.

इतकी कारकीर्द असलेला माणूस एक तर कडू होतो, नाही तर कडक होतो. नाईक कडक झाले. शिक्षणाने ते सेंद्रिय रसायनशास्त्राचे एम.एस्सी. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा, कारण पुढे ती कामाला येणार आहे.

आता श्रीरामपूरकडे येऊ. झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा. मीही वर्षभराच्या अंतराने त्याच वयाचा, शेजारच्या राहुरी तालुक्यातला. तेव्हा त्याचे लहानपण कसे गेले असेल हे मला वेगळे वाचावे लागत नाही. आमच्याकडे क्रिकेट म्हणजे टेनिसचा चेंडू, गव्हाची कापणी झालेले रान आणि उसाची तीन टिपरी रोवून केलेले स्टंप. लाल चामडी चेंडू आम्ही दुकानाच्या काचेतून पाहिलेला. तो विकत घेतला तर पहिल्याच टोल्याला पाटात जाईल आणि मग पैसे कोणी भरायचे, या विचाराने तो काचेतच राहिला. झहीरचे वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. घर पगाराचे आणि मेहनतीचे, मुलाने शिकावे असे वाटणारे. तो मराठी शाळेत शिकला, पुढे अभियांत्रिकीकडे वळला. त्या काळी आपल्या भागात अभियांत्रिकीला प्रवेश मिळणे म्हणजे गावात पेढे वाटण्याची गोष्ट. आजही आहे.

पण मुलाच्या डाव्या हातात वेग होता. १९९६ च्या सुमारास, वयाच्या सतराव्या वर्षी, वडील त्याला घेऊन मुंबईला गेले. श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनाचे नाव बेलापूर आहे, ते तुम्हाला ठाऊकच असेल. तेथून मुंबईला जाणारा माणूस एरवी दवाखान्यासाठी जातो, कोर्टासाठी जातो किंवा नोकरीसाठी. मुलाला चेंडू टाकता येतो एवढ्या भांडवलावर कोणी जात नाही. हे बापलेक गेले आणि क्रॉस मैदानावर नाईकांच्या क्लबात पोचले.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून त्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोर खेड्याकडचा एक उंच मुलगा. त्याच्या नावावर सांगण्यासारखे काही नाही. ना शालेय स्पर्धा, ना जिल्ह्याचा संघ. हातात फक्त वेग. मुंबईत असे वेगवान हात रोज येत असतील. नाईकांनी त्याला पाहिले, ठेवून घेतले, आणि मग ती गोष्ट सांगितली जी सांगायला धाडस लागते: अभियांत्रिकीचे शिक्षण बाजूला ठेव आणि पूर्ण वेळ क्रिकेट खेळ.

स्वतः एम.एस्सी. झालेला माणूस हे सांगतो आहे. शिक्षणाची किंमत ठाऊक नसलेल्या कोणा उडाणटप्पूचा हा सल्ला नव्हता. आणि वडिलांनी तो मानला. देशात इंजिनियर पुष्कळ आहेत, तू चेंडू टाक, अशा अर्थाचे काहीतरी ते मुलाला म्हणाले, असे पुढे झहीरच्या मुलाखतींतून लोकांच्या कानावर आले. मला या दोन्ही माणसांचे नवल वाटते. पण सांगणाऱ्याचे जास्त. कारण ऐकणाऱ्या बापाला मुलाची माया असते. सांगणाऱ्याला काय असते? मुलगा नापास झाला, म्हणजे खेळात नापास झाला, तर शिव्या त्यालाच बसायच्या.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते आता सर्वांना ठाऊक आहे. मुलगा मुंबईत एका रुग्णालयाच्या आवारातल्या लहानशा खोलीत नातेवाइकांकडे राहिला. सकाळ-संध्याकाळ मैदान. नाईकांनी त्याच्या नोकरीचीही व्यवस्था पाहिली. म्हणजे खेळायचे कंपनीच्या संघातून आणि महिन्याला पोटापुरता पगार घ्यायचा. पुरुषोत्तम शील्डच्या अंतिम सामन्यात त्याने सात गडी बाद केले आणि मुंबईची नजर त्याच्यावर गेली. एकोणीस वर्षांखालील संघातून खेळताना टी. ए. शेखर यांनी त्याला पाहिले आणि मद्रासच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये नेले. तेथून तो बडोद्याकडून रणजी खेळू लागला आणि ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला भारताच्या संघात दिसला. बेलापूर स्टेशन ते नैरोबी, अवघी चार वर्षे! २०००-०१ चा रणजी करंडक बडोद्याने जिंकला त्यातही त्याचा मोठा वाटा होता. मुंबईच्या मालकाने घडवलेला गोलंदाज बडोद्याच्या कामी आला. याचे नाईकांना काही वाटले असेल-नसेल. क्लबच्या तंबूत दुसरी पोरे पॅड बांधत असणारच.

या ठिकाणी मला आणखी एका क्लबवाल्याचे नाव घेतले पाहिजे. नाही तर कडक शब्दाचा अर्थ पुरा होत नाही. ते म्हणजे रमाकांत आचरेकर. २ जानेवारी २०१९ रोजी ते वारले. शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्रिकेट क्लब त्यांनी काढला. सचिन तेंडुलकरचे गुरू म्हणून त्यांना कोण ओळखत नाही? स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवायचे; सचिनला जो बाद करील त्याचे नाणे, आणि कोणी बाद करू शकले नाही तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. एकदा आपला सामना सोडून सचिन शाळेच्या मोठ्या मुलांचा अंतिम सामना बघायला वानखेडेवर गेला. सरांनी पाहिले आणि मुस्कटात दिली. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवल्या पाहिजेत असे खेळ, असे सुनावले. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची अभंग भागी केली, त्या वेळीही डाव घोषित करा म्हणून सरांचा निरोप होताच. मुलांनी तो ऐकू आला नाही असे भासवून पुढे फलंदाजी केली, आणि मग बोलणी खाल्ली. आणि सचिनने २०१३ साली निरोपाच्या भाषणात सांगितले की, सरांनी कधी 'शाबास' म्हटले नाही. आपण हुरळून जाऊ नये म्हणून म्हटले नाही.

आचरेकरांच्या हाताखाली प्रवीण आमरे शिकला. आणि आमरेंच्या हाताखाली पुढे तयार झाला तो अजिंक्य रहाणे, आपल्या संगमनेर तालुक्यातल्या मातीचा. म्हणजे नगर जिल्ह्याच्या दोन मोठ्या खेळाडूंची मुळे मुंबईच्या दोन तंबूंपर्यंत जातात. योगायोग म्हणा हवे तर.

शिक्षक श्रोत्यांना यावर एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. मुस्कटात देण्याचे दिवस गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांवर हात उगारणे बंद केले, आणि ते बरेच झाले. मी स्वतः लहानपणी हिरव्या छडीचा प्रसाद पुष्कळ खाल्ला आहे. त्याने माझे गणित सुधारले नाही. फक्त गणिताच्या तासाला पोट दुखू लागले. तेव्हा आचरेकरांची थप्पड कोणी अनुकरणासाठी घेऊ नये. पण ही थप्पड देणारा माणूस त्याच मुलाला आपल्या स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत असे, एका दिवसात दोन-दोन सामने खेळवीत असे. थप्पड सगळ्यांना ठाऊक आहे. स्कूटरच्या पेट्रोलचा हिशेब कोणी विचारत नाही. आमच्या शिक्षकी पेशात थप्पड पुष्कळांनी दिली. स्कूटर काढणारे थोडे.

नाईकांचा कडकपणा मारण्यातला नव्हता, मागण्यातला होता. त्यांनी झहीरकडे त्याचे सगळे आयुष्य मागितले म्हणा ना! आणि मागितल्यावर त्याच्या राहण्या-जेवण्याचा, नोकरीचा, सामन्यांचा घोर स्वतःच्या मानेवर घेतला. मला त्यांची थोरवी वाटते ती येथे.

त्यांच्या आयुष्याचा आणखी एक भाग आहे, आणि तो शेतकरी श्रोत्यांना माझ्यापेक्षा चांगला कळेल. उतारवयात नाईक वानखेडे स्टेडियमच्या खेळपट्टीचे काम पाहू लागले. खेळपट्टी म्हणजे शेवटी रानच. बावीस यार्डांचा एक वाफा. वानखेडेच्या खेळपट्ट्या लाल मातीच्या म्हणून ओळखल्या जातात. माती भरायची, पाणी द्यायचे, मुरू द्यायचे, आणि ज्याला तुम्ही वाफसा म्हणता तो आला की रोलर फिरवायचा. ओलीत फिरवला तर माती चिकटते, वाळल्यावर फिरवला तर नुसता खडखडाट. गवत किती ठेवायचे, कधी कापायचे, ऊन किती लागू द्यायचे, सगळा नजरेचा खेळ. फरक इतकाच की आपल्या रानात काही उगवावे अशी आपली इच्छा असते, आणि या रानात पाच दिवस काही उखडू नये अशी.

२ एप्रिल २०११ रोजी याच वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. खेळपट्टी नाईकांची, आणि नवा चेंडू झहीरच्या हातात. क्रॉस मैदानावरच्या मालकाने जमीन तयार करावी आणि त्याच्याकडे पंधरा वर्षांपूर्वी आलेल्या पोराने त्या जमिनीवर साऱ्या जगासमोर धावत यावे, असा प्रसंग कितीजणांच्या नशिबी येतो? झहीरने पहिली पाच षटके टाकली. त्यांतली तीन निर्धाव. सहा धावा आणि एक गडी. आमच्या गावात त्या रात्री देवळासमोर टीव्ही लावला होता. प्रत्येक निर्धाव षटकाला म्हातारी माणसेसुद्धा बोटे मोजत होती. पुढे शेवटच्या षटकांत त्याला मार बसला, दहा षटकांत साठ धावा गेल्या, हेही सांगितले पाहिजे. श्रीलंकेने २७४ केल्या आणि भारताने त्या सहा गडी राखून पार केल्या. खेळपट्टीने दोघांनाही सारखा न्याय दिला. त्या स्पर्धेत झहीरने २१ बळी घेतले. शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वांत जास्त.

त्यानंतर साडेचार वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेने आपल्याविरुद्ध एका दिवसाच्या सामन्यात ४३८ धावा कुटल्या. हरल्यावर राग निघाला तो खेळपट्टीवर. भारतीय संघाच्या व्यवस्थापनातल्या एका बड्या माणसाने आपल्याला अपशब्द वापरले, अशी लेखी तक्रार नाईकांनी मुंबईच्या क्रिकेट संघटनेकडे केली. सत्तरीचा माणूस. पुष्कळांनी मुकाट्याने गिळले असते. ऐनवेळी हवी तशी खेळपट्टी मागून मिळत नाही, त्याला दिवस लागतात, असे त्यांचे म्हणणे. आपण शेतकरी माणसे, आपल्याला ते पटायला वेळ लागणार नाही. वाफसा कोणाच्या हुकुमाने येत नाही. दुसऱ्याकडून चोख काम मागणारा हा माणूस आपल्या कामाबद्दलही कोणाचे उणे ऐकून घेत नव्हता.

त्याच महिन्यात झहीरने निवृत्ती जाहीर केली. ९२ कसोटी सामने, ३११ बळी.

आता माझी गोष्ट. २००८ साली मी कॉलेजात नवाच होतो. आमच्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. नाव सांगत नाही. वडिलांची दोन एकर जिरायत, कांद्याच्या दिवसांत मजुरी. मुलगा उंच, सडसडीत, चेंडू असा टाकायचा की आमच्या मैदानावरचा यष्टिरक्षक वीस पावले मागे उभा राहायचा. बाहेरगावच्या एका प्रशिक्षकांनी त्याला एका स्पर्धेत पाहिले आणि म्हणाले, याला माझ्याकडे पाठवा, पण शिक्षण थांबवावे लागेल. वडील माझ्याकडे आले. टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तुम्ही म्हणाल तसं. आपल्याला यातलं काय कळतंय!"

मी म्हणालो, "दादा, आधी डिग्री होऊ द्या. खेळ काय, नंतरही आहेच."

वेगवान गोलंदाजीला 'नंतर' नसते, हे मला ठाऊक होते. तरी मी ते बोललो, कारण ते बोलणे सोपे होते. डिग्रीचा सल्ला दिला म्हणून आजवर कोणत्याही मास्तराला कोणी जाब विचारलेला नाही. मुलगा पास झाला. दुसऱ्या वर्गात. आज तो दूध संकलनाच्या गाडीवर असतो, दोन वेळचे नीट चालले आहे, रस्त्यात भेटला की गाडी थांबवून पाया पडतो. त्याच्या मनात काही नाही. माझ्या मनात आहे.

मी त्या वेळी चूक सल्ला दिला, असेही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. कितीतरी मुले शिक्षण सोडून मुंबई-पुण्याला गेली आणि दोन वर्षांनी हात हलवीत परत आली; त्यांच्यावर कोणी रेडिओवर भाषण करीत नाही. कदाचित हाही परत आला असता. कोणी सांगावे? मला बोचते ते वेगळेच. मी त्याला एकदाही मैदानावर नीट उभे राहून पाहिले नव्हते. प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसेल तेवढे पाहिले. त्या प्रशिक्षकांना एक पत्र लिहून मुलगा कुठे राहील, काय खाईल, नाही जमले तर पुन्हा प्रवेश मिळेल का, हे मी विचारू शकलो असतो. परीक्षेला बसण्यापुरती सवलत मागायला प्राचार्यांकडे जाऊ शकलो असतो. नाईकांनी झहीरसाठी जी यातायात केली तिच्यातला रुपयात एक आणाही मी केला नाही, आणि सल्ला मात्र तेवढ्याच अधिकाराने दिला.

मागच्या उन्हाळ्यात तो दूधगाडीवाला माझ्या घरी आला. बरोबर त्याचा मुलगा. सातवीत गेलेला, पायांनी बापासारखा लांब. "सर, हा पण टाकतो," तो म्हणाला. "मला काय कळत नाही चांगलं का वाईट. तुम्ही एकदा बघता का?"

मी आतून चपला आणायला सांगितले. मुलाला विचारले, चेंडू आहे का? त्याने खिशातून काढून दाखवला, टेनिसचा, लव गेलेला. आमच्या घरामागे कॉलेजचे मैदान आहे. बापाला मी यष्टीमागे उभे केले आणि स्वतः पंचाच्या जागेवर गेलो. पोराने वीस पावले मोजली. पहिला चेंडू माझ्या कानाजवळून गेला. दुसरा बापाने छातीवर घेतला. संध्याकाळी साडेसहापर्यंत आम्ही तिघे तिथे होतो. दुधाच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजून गेला, पण तो काही हलला नाही. जाताना मी त्याला सांगितले की पोराला रविवारी पुन्हा आण, आणि येताना लाल चेंडू मी आणून ठेवतो.